घरातली ‘काळी मेंढी’

अलाहाबादहून निघणाऱ्या ‘द वीक्स न्यूज’ या इंग्रजी साप्ताहिकाच्या २१ डिसेंबर १८८८ च्या अंकात एक कथा छापून आली. नाताळचे दिवस होते. अशा अंकात साहेबलोकांच्या घरांतून मोठ्याने वाचून दाखवता येईल असे काहीतरी गोड असावे अशी अपेक्षा असते. कथेचे नावही बालवाडीतल्या गाण्याचे होते : ‘बा बा, ब्लॅक शीप’. पण कथा वाचणाऱ्यांना तिच्यात सापडले ते एका पाच वर्षांच्या मुलाचे मोडून पडणे. आई-वडिलांनी परक्या घरात ठेवलेले, मारून आणि धमकावून खोटे बोलायला शिकवलेले आणि मग खोटारडा म्हणून वाळीत टाकलेले ते मूल. लेखकाला तेविसावे वर्ष पुरे व्हायला अजून नऊ दिवस होते. त्याचे नाव रुडयार्ड किपलिंग.

पुढे ही कथा ‘वी विली विंकी अँड अदर चाइल्ड स्टोरीज’ या पुस्तिकेत गेली. ए. एच. व्हीलर कंपनीच्या ‘इंडियन रेल्वे लायब्ररी’ मालेतली ती सहावी पुस्तिका. रेल्वे स्थानकांवरच्या बुकस्टॉलवर एक रुपयाला मिळणारी, प्रवासात वाचून डब्यातच विसरून जावी अशी. या मालेच्या मुखपृष्ठांची चित्रे लेखकाच्या वडिलांनी, जॉन लॉकवुड किपलिंग यांनी काढली होती. ज्या कथेत मुलाला सोडून गेलेल्या आई-वडिलांवर ठपका आहे, तिला वेष्टन चढवण्याचे काम वडिलांच्याच हाती आले होते. त्या घरात यावर काय बोलणे झाले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

‘जंगल बुक’मुळे किपलिंगचे नाव मराठी घरांतल्या मुलांनाही माहीत असते. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर मोगली आला तेव्हा तर ते घराघरांत पोहोचले. थोरांना मात्र किपलिंग म्हटले की साम्राज्याचा भाट आठवतो. गोऱ्या माणसाच्या ओझ्याचे कवन लिहिणारा, जालियनवाला बागेनंतर जनरल डायरसाठी उभारलेल्या निधीत वर्गणी घालणारा. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. पण त्या दोन्हींच्या मागे एक मूल उभे आहे आणि ते मूल मुंबईचे आहे.

लॉकवुड किपलिंग आणि ॲलिस मॅकडोनल्ड यांची ओळख इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये रुडयार्ड नावाच्या तलावाकाठी झाली. मुलाचे विचित्र वाटणारे नाव तिथले. १८६५ च्या मार्चमध्ये लग्न झाले आणि महिन्याभरात हे जोडपे मुंबईच्या बोटीत बसले. लॉकवुडना सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत वास्तुशिल्प शिकवण्याची नोकरी मिळाली होती. शाळेची आजची देखणी इमारत तेव्हा उभी राहिलेली नव्हती. आवारातल्या एका बंगलीत त्यांचा संसार सुरू झाला आणि ३० डिसेंबर १८६५ रोजी तिथेच रुडयार्ड जन्मला. आज जे. जे.च्या आवारात किपलिंगच्या नावाने दाखवला जाणारा लाकडी बंगला नंतरचा आहे; जन्मघर पाडले गेले. लॉकवुडच्या हाताची खूण पाहायची तर समोरच्या क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी कमानींवरची शिल्पे पाहावीत. बाजारात शिरणारी आणि बाहेर पडणारी गर्दी त्यांच्याखालून रोज जाते. मान वर करणारे थोडे.

रुडयार्डच्या आठवणीतली मुंबई प्रकाशाची, रंगांची आणि फळांची आहे. सकाळच्या वेळी आयाचा हात धरून फळबाजारात जाणे, आपल्या खांद्याच्या उंचीला आलेले सोनेरी-जांभळे फळांचे ढीग पाहणे, ही त्याने सांगितलेली पहिली आठवण. त्याची आया पोर्तुगीज कॅथलिक होती, असे तो लिहितो. त्या काळच्या मुंबईत पोर्तुगीज याचा अर्थ बहुधा गोव्याकडची किंवा वसई-साष्टीकडची ख्रिस्ती बाई. वाटेवरच्या एका क्रुसासमोर ती प्रार्थनेला थांबे आणि मूल तिच्या शेजारी उभे राही. मीता नावाचा हिंदू नोकर त्याला छोट्या देवळांतून नेई. जातपात कळण्याचे वय नसल्यामुळे मुलगा त्याचा हात धरून अंधाऱ्या गाभाऱ्यातल्या देवांकडे बघत राही आणि ते देव त्याला स्नेही वाटत. दुपारी झोपण्यापूर्वी आया किंवा मीता गोष्टी सांगत. जेवणघरात आई-वडिलांकडे पाठवताना नोकर बजावत, की आता साहेबांशी इंग्रजीत बोलायचे. मग तो मनातल्या देशी बोलीचे अडखळत इंग्रजी करी. स्वप्नेही त्याच बोलीत पडत.

एकदा बागेत एका लहान मुलाचा हात पडलेला सापडला. पारशी दख्म्यांवरच्या गिधाडांनी आणून टाकलेला. आई अस्वस्थ झाली आणि त्याबद्दल विचारू नकोस म्हणाली. त्याला तो हात पाहायचा होता. काय झाले ते त्याला आयाने सांगितले. आई गप्प करते आणि आया सांगते, ही विभागणी त्या घरात अशी आधीपासूनच होती.

१८६८ मध्ये ट्रिक्स ही बहीण जन्मली. तिसरे बाळ १८७० मध्ये मुंबईत जन्मले आणि गेले. पटकी आणि ताप यांनी गोऱ्यांच्या पोरांची कबरस्ताने भरलेली असत. शिवाय मुले फार काळ नोकरांत राहिली तर त्यांच्या उच्चारांना आणि वागण्याला ‘देशी’ वळण लागेल, ही भीती तर घरोघर होतीच. पाच-सहा वर्षांचे मूल विलायतेला पाठवून द्यायचे हा साहेबांच्या संसारातला नेम होता. त्यामुळे किपलिंग दांपत्याने केले ते जगावेगळे नव्हते. जगावेगळे होते ते केले त्या पद्धतीत.

ॲलिसच्या माहेरची माणसे लहानसहान नव्हती. एक बहीण जॉर्जियाना ही चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स यांची पत्नी. दुसरी ॲग्नेस चित्रकार एडवर्ड पॉइंटर यांची. तिसरी लुइसा बाल्डविन, जिचा मुलगा स्टॅन्ले पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला. यांपैकी एकीच्याही घरी मुले ठेवली गेली नाहीत. १८६८ मध्ये आजोळी गेलेल्या अडीच वर्षांच्या रुडयार्डने आरडाओरड्याने घर डोक्यावर घेतले होते, तो कोणाला नको होता, असे काही चरित्रकार सांगतात. नातलगांचे उपकार ॲलिसला नको होते, असेही म्हटले जाते. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून एक घर शोधण्यात आले. पोर्ट्समथजवळ साउथसी गावात लॉर्न लॉज नावाचे. निवृत्त कॅप्टन होलोवे, त्यांची बायको सेरा आणि मुलगा हॅरी असे ते कुटुंब. भारतात नोकरीला असलेल्यांची मुले पैसे घेऊन सांभाळणे हा त्यांचा जोडधंदा. १८७१ च्या अखेरीस सहा वर्षांचा होऊ घातलेला रुडयार्ड आणि साडेतीन वर्षांची ट्रिक्स यांना तिथे ठेवून आई-वडील मुंबईला परतले. जातो असे त्यांनी मुलांना सांगितले नाही. निरोपाच्या वेळी रडारड झाली तर मुलांना अधिक त्रास होतो, असा सल्ला त्या काळी जाणती माणसे देत. मुलांनी समजून घेतले ते एवढेच, की एके दिवशी आई-बाबा नाहीसे झाले.

कथेतली पहिली पाने इथूनच सुरू होतात आणि ती मुंबईत घडतात. पंच हा मुलगा आणि जुडी ही बहीण. आया, हमाल आणि लाल-सोनेरी पागोट्याचा मीता हा सुरती नोकर मिळून पंचला निजवत आहेत. वाघीण झालेल्या राणीची गोष्ट पंचला हवी आहे. आपण कुठेतरी जाणार याची कुणकुण त्याला लागली आहे आणि तो विचारतो की नाशिकला जायचे का. नाही, जिथे नारळ टाकतात त्या समुद्रावर जायचे आणि मोठ्या बोटीने पलीकडे. नारळी पौर्णिमेचा समुद्र हीच त्या मुलाची विलायतेच्या वाटेची खूण. इंग्रजी वाचक हा तपशील बहुधा ओलांडून जात असेल. मुंबईकराला तो थांबवतो.

साउथसीच्या घराचे किपलिंगने केलेले वर्णन सर्वांत आधी या कथेत आले. मग १८९१ च्या ‘द लाइट दॅट फेल्ड’ या कादंबरीच्या आरंभी आणि शेवटी आत्मचरित्रात. तिन्ही ठिकाणी तपशील बदलतात, घर तेच राहते. वृद्ध कॅप्टन तेवढा दयाळू. नव्हारिनोच्या सागरी लढाईत तो होता आणि व्हेल मासे मारायलाही गेला होता. मुलाला बरोबर घेऊन तो बंदरावर फिरायला जाई. १८७४ मध्ये तो वारला आणि मग मुलाच्या बाजूने बोलणारे घरात कोणी उरले नाही. सेरा होलोवे कडव्या धार्मिक पंथाची होती. नरक ही गोष्ट मुंबईच्या आयाने आणि मीताने कधी सांगितली नव्हती. ती इथे आपल्या सगळ्या दाहासह कळली. दिवसभरात मुलाने काय केले याची उलटतपासणी रात्री हॅरी करी, दोघांची निजण्याची खोली एकच असल्यामुळे. झोपेला आलेल्या मुलाच्या उत्तरांत विसंगती सापडे, ती खोटेपणा ठरे आणि सकाळी न्याहारीच्या वेळी तिचा निवाडा होई. किपलिंग पुढे म्हातारपणी लिहितो, की यामुळे आपण सांगतो त्या खोट्याकडे नीट लक्ष द्यायची सवय लागली आणि साहित्यनिर्मितीचा पाया तोच असावा. हे वाक्य विनोदाने लिहिलेले आहे, पण त्यात विनोद फारसा नाही.

कथेतला पंच गोष्टी रचतो. बायबलमधली विश्वनिर्मिती त्याला सांगितली जाते, तेव्हा तिला भारतातल्या परीकथा जोडून तो धाकट्या जुडीला ती खुलवून सांगतो. देवाची गोष्ट आणि वाघीण झालेली राणी मुलाच्या मनात एकाच दालनात राहत असतात. ते आंटी रोझाच्या कानावर जाते आणि ही पाखंडी बडबड ठरते. मुंबईत ज्या गुणाचे कौतुक होत होते तोच इथे गुन्हा झाला. कथेचे हे मर्म आहे. मारहाणीची वर्णने त्या काळच्या इंग्रजी साहित्यात कमी नाहीत. डिकन्सने ती सगळ्या जगाला वाचायला लावली होती. पण मुलाची कल्पनाशक्ती हाच आरोप ठरतो, तेव्हा त्याच्या मनात नेमके काय होते, हे इतक्या जवळून फार थोड्यांनी लिहिले आहे.

वाचन आधी शिक्षा म्हणूनच आले. पुस्तकांत आपल्याला हवे ते सगळे असते, हा शोध मुलाला पुढे आपला आपणच लागला. मग पुस्तके काढून घेणे ही नवी शिक्षा झाली आणि चोरून, अपुऱ्या उजेडात वाचणे सुरू झाले. मुलाला वाचता येते हे कळल्यावर आई-वडील पुस्तके पाठवू लागले. वडिलांनी चित्रांचा ‘रॉबिन्सन क्रूसो’ पाठवला. तळघरातल्या बुरशी आलेल्या खोलीत, जिथे त्याला एकटे कोंडले जाई, तिथे रुडयार्डने आपले बेट वसवले. सामान काय, तर लाल दोरीला बांधलेली नारळाची करवंटी, एक पत्र्याची पेटी आणि खोक्याची एक फळी. फळीने कुंपण घातले की आतले सगळे खरे आणि बाहेरचे जग बंद. फळी पडली तर मंत्र तुटे आणि पुन्हा पहिल्यापासून सगळी मांडणी करावी लागे. साउथसीच्या ओलसर तळघरात मुंबईची आठवण करून देणारी करवंटी आली कुठून, हे तो सांगत नाही.

वर्षातला एक महिना सुटका होती. डिसेंबरात जॉर्जी मावशीच्या लंडनमधल्या ‘द ग्रेंज’ या घरी तो जाई. तिथे भावंडे, रंगांचा वास, रात्री गोष्टी वाचून दाखवणारी मावशी, विल्यम मॉरिससारखी येणारी-जाणारी माणसे. दाराशी लोखंडी घंटा होती. ती ओढली की आत आनंदाचे घर, असे त्या मुलाचे समीकरण झाले होते. पुढे ते घर दुसऱ्यांच्या हाती गेले तेव्हा किपलिंगने ती घंटेची साखळी मागून घेतली आणि स्वतःच्या दाराला लावली.

या मावशीला पाच वर्षांत त्याने साउथसीबद्दल एक अक्षरही सांगितले नाही. का सांगितले नाहीस, असे तिने पुढे अनेकदा विचारले. त्याचे उत्तर असे, की मुले जनावरांपेक्षा फारसे जास्त सांगत नाहीत. जे वाट्याला येते ते कायमचेच ठरलेले आहे असे त्यांना वाटते. शिवाय तुरुंगातले गुपित बाहेर फोडले आणि पुन्हा तिथेच परतावे लागले तर काय होईल, याची छळलेल्या मुलांना पक्की कल्पना असते. बालकांच्या छळाची प्रकरणे आज जे जाणकार हाताळतात, त्यांना या उत्तरात नवल वाटणार नाही. १८७० च्या दशकात मात्र ते कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

शेवट डोळ्यांमुळे आला. शाळेतला अभ्यास बिघडला. महिन्याचे प्रगतिपत्रक त्याने फेकून दिले आणि मिळालेच नाही असे सांगितले. ते उघडकीला आल्यावर मार बसलाच, पण पाठीवर ‘खोटारडा’ अशी पाटी लावून त्याला साउथसीच्या रस्त्यांतून शाळेत पाठवण्यात आले. त्याला नसलेल्या सावल्या आणि वस्तू दिसू लागल्या. हेही ढोंगच ठरवले गेले. डोळे तपासायला माणूस आला तेव्हा कळले की मुलगा अर्धा आंधळा आहे. १८७७ च्या वसंतात आई आली. पहिल्या रात्री ती त्याचा पापा घ्यायला खोलीत वाकली, तेव्हा फटका येतो असे वाटून त्याने हात वर करून आपला चेहरा झाकला. हा प्रसंग कथेत आहे आणि आत्मचरित्रातही. ॲलिसला तो आयुष्यभर पुरला असणार.

आणि तरीही पुढे काही काळ ट्रिक्सला पुन्हा त्याच बाईकडे ठेवण्यात आले. सेरा होलोवे ट्रिक्सचे लाड करी. हॅरीने तिच्याशी लग्न करावे असेही तिच्या मनात होते म्हणतात. या निर्णयाचे स्पष्टीकरण आई-वडिलांनी मागे ठेवलेले नाही आणि त्यांच्या मृत्यूनंतर किपलिंगने घरातले बरेच कागद जाळून टाकले. कोणाचा बचाव करण्यासाठी, हा प्रश्न राहतोच.

मधली वर्षे भराभर गेली. डेव्हनमधल्या वेस्टवर्ड हो! येथील शाळा, कॉर्मेल प्राइस हे समजूतदार मुख्याध्यापक, शाळेच्या नियतकालिकाचे संपादन. विद्यापीठाचा खर्च झेपणारा नव्हता. लॉकवुड १८७५ मध्येच लाहोरच्या मेयो कलाशाळेचे प्रमुख म्हणून गेले होते. त्यांनी मुलासाठी ‘सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट’मध्ये उपसंपादकाची जागा पाहिली. १८ ऑक्टोबर १८८२ रोजी सोळा वर्षांचा किपलिंग मुंबईच्या धक्क्यावर उतरला. ते वास आणि ती दृश्ये समोर येताच त्याच्या तोंडून देशी बोलीतली वाक्ये आपोआप बाहेर पडू लागली. त्यांचा अर्थ मात्र त्याला आठवत नव्हता. अकरा वर्षांपूर्वीचे मूल आत कुठेतरी तसेच होते. लाहोरला पोहोचल्यावर त्याचे कल्ले पाहून आईने तासाभरात ते काढायला लावले. मुलगा मोठा झालेला तिने पाहिलाच नव्हता.

लाहोरचे दिवस सुखाचे होते. ट्रिक्सही आली आणि चौघांचा तो ‘फॅमिली स्क्वेअर’ पूर्ण झाला. आई तल्लख आणि तिखट जिभेची, वडील शांत आणि व्यासंगी. मुलाचे लेखन दोघे वाचत आणि त्याला त्यांच्या मताचा धाक असे. १८८५ च्या नाताळात चौघांनी मिळून ‘क्वार्टेट’ हा वार्षिक अंक लिहिला. तुटलेले घर असे सांधले गेले, की पाहणाऱ्याला सांधा दिसू नये. म्हणूनच तीन वर्षांनी आलेली ‘बा बा, ब्लॅक शीप’ ही कथा घरावर वीज कोसळावी तशी कोसळली असणार. ती लिहिली गेली लाहोरपासून दूर, अलाहाबादला. तिथे किपलिंग ‘पायोनियर’मध्ये काम करत होता आणि प्राध्यापक हिल यांच्या घरी पाहुणा होता. हिलबाईंच्या आठवणीप्रमाणे कथा लिहिताना तो संतापाने धुमसत असे आणि ते सगळे पुन्हा जगणारा तो तरुण पाहवत नसे. लाहोरला अंक पोहोचल्यावर आई-वडिलांनी ट्रिक्सकडून एवढे तरी वदवून घेऊ पाहिले, की भाऊ वाढवून सांगतो आहे. त्यांच्या समाधानासाठीसुद्धा ती हो म्हणू शकली नाही, असे सांगितले जाते.

कथा अक्षरशः खरी आहे का, यावर अभ्यासकांत वाद आहे. सेरा होलोवेची बाजू मांडणारे कोणी नाही. दुसऱ्यांच्या पोरांवर गुजराण करणाऱ्या त्या विधवेला हट्टी, बडबडा, नोकरांवर हुकूम सोडायला सरावलेला मुलगा कसा वाटला असेल, याचाही विचार करायला हवा. कथेतला पंच सुरुवातीला तसाच आहे आणि किपलिंगने ते लपवलेले नाही. पण ट्रिक्सने भावाच्या मृत्यूनंतर, १९३९ मध्ये, आठवणी लिहिल्या त्या मुख्य गोष्टींत त्याच्याशी जुळतात. ती त्या घरातली लाडकी होती. तिची साक्ष म्हणूनच वजनदार ठरते.

या कथेचा खरा धाडसी भाग शेवटी आहे. आई परत येते, मुले तिच्या कुशीत शिरतात, पंच बहिणीला सांगतो की आता सगळे ठीक झाले, जणू आई कधी गेलीच नव्हती. अंकाचा नाताळ इथे साजरा झाला असता. पण निवेदक तिथे थांबत नाही. द्वेष, संशय आणि निराशा यांचे पाणी लहानपणी पोटभर प्यायलेल्याच्या मनातून ते सगळे जगातल्या कोणत्याही प्रेमाने पुरते निघून जात नाही, अशा अर्थाचा शेरा तो मारतो. आईसमोर, तिच्या हयातीत, छापून. मातेला देवाच्या जागी बसवणाऱ्या आपल्याकडच्या वाचकाला हा शेरा आजही झोंबतो. ‘श्यामची आई’वर वाढलेल्या मनाला तो कृतघ्नपणा वाटू शकेल. तो कृतघ्नपणा नव्हे. त्या शेऱ्यात आईवर प्रेम आहे, फक्त तिला दिलेली माफी नाही.

किपलिंगने पन्नास वर्षांनी याच्या उलट लिहिले. त्या अनुभवांनी माझ्यातली खऱ्या वैराची ताकदच शोषून घेतली, असे तो आत्मचरित्रात म्हणतो. अमेरिकी समीक्षक एडमंड विल्सनने १९४१ मध्ये हे नाकारले. त्याच्या मते किपलिंगच्या लेखनातला क्रौर्याचा, सूड घेण्यातल्या आनंदाचा धागा थेट साउथसीपर्यंत जातो. सत्तेखाली चिरडला गेलेला मुलगा मोठेपणी सत्तेच्याच बाजूला जाऊन उभा राहिला. हे निदान फार सुबक आहे, आणि सुबक निदाने सावधपणे घ्यावीत. किपलिंगच्या साम्राज्यनिष्ठेला लाहोर, ‘पायोनियर’ आणि त्याच्या वर्गाचे हितसंबंध पुरेसे होते. मात्र नियम कळलेच पाहिजेत आणि कळपाचे संरक्षण हवेच, ही त्याच्या लेखनातली आस त्या मुलाची आहे, यात शंका नको. ‘जंगल बुक’ १८९४ आणि १८९५ मध्ये आले, तेही भारतात नव्हे, तर अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या बर्फात लिहिलेले. आई-वडिलांपासून तुटलेला मोगली लांडग्यांत वाढतो, त्याला गोष्टी आणि नियम शिकवणारे सगळे चार पायांचे असतात. माणसांत परतल्यावर माणसे त्याला दगड मारतात. बल्लू आणि बघीरा यांच्यात आया आणि मीता शोधण्याचा मोह होतो. किमही अनाथ, लाहोरच्या रस्त्यांवर देशी बोलीत वाढणारा, आणि त्याला वडील मिळतात ते एका तिबेटी लामाच्या रूपात. ‘किम’साठी चित्रशिल्पे घडवली ती लॉकवुडनी. बाप-लेकांचे बोलणे असे मातीतून आणि शाईतून चालले.

स्वतः बाप झाल्यावर किपलिंग मुलांना सोडून राहू शकत नसे. थोरली जोसेफीन हिच्यासाठी ‘जस्ट सो स्टोरीज’ जन्मल्या. एकही शब्द बदललेला तिला चालत नसे. ६ मार्च १८९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनियाने ती सहाव्या वर्षी गेली. किपलिंग स्वतः त्याच आजाराने मरणाच्या दारात होता; त्याला ही बातमी उशिरा सांगण्यात आली. त्यानंतर त्याने अमेरिकेत पाऊल ठेवले नाही. मुलगा जॉन आणि मुलगी एल्सी यांना त्याने लिहिलेली चित्रांनी भरलेली, खोडकर पत्रे पुढे प्रसिद्ध झाली. दुरून पत्र लिहिणाऱ्या बापाची वाट पाहण्यात ज्याचे बालपण गेले, त्याची ती पत्रे आहेत.

आणि याच बापाने पहिल्या महायुद्धात, दृष्टी अधू म्हणून नाकारल्या गेलेल्या जॉनसाठी लॉर्ड रॉबर्ट्स यांच्याकडे शब्द टाकून आयरिश गार्ड्समध्ये जागा मिळवली. अधू डोळे बापाकडूनच आलेले. अठरावा वाढदिवस होऊन सहा आठवडे झाले असतील-नसतील, तोच २७ सप्टेंबर १९१५ रोजी लूसच्या लढाईत जॉन बेपत्ता झाला. आई-वडील वर्षानुवर्षे त्याच्या तुकडीतल्या सैनिकांना गाठून विचारत राहिले. बापाच्या हयातीत कबर सापडली नाही. १९९२ मध्ये एका कबरीवर जॉनचे नाव घातले गेले, त्यावरही पुढे वाद झाला. मूल आपल्या हाताने दूर पाठवणे आणि त्याचे काय झाले ते न कळणे, हे ॲलिसच्या वाट्याला आले होते त्याहून कितीतरी कठोर रूपात तिच्या मुलाच्या वाट्याला आले. ती १९१० मध्ये गेली होती आणि लॉकवुड पाठोपाठ १९११ च्या जानेवारीत. त्यांना हे पाहावे लागले नाही.

१९३५ मध्ये, सत्तरीला टेकलेला किपलिंग ससेक्समधल्या बेटमन्स या घरी आत्मचरित्र लिहायला बसला. १८ जानेवारी १९३६ रोजी त्याचे निधन झाले आणि पुस्तक १९३७ मध्ये निघाले. १९०७ चे नोबेल, इंग्रजी भाषेला मिळालेले ते पहिले. बायको, मित्र, राजकारण, सगळ्याला त्यात थोडीथोडी जागा आहे. जोसेफीन आणि जॉन यांच्या मृत्यूंबद्दल तो जवळजवळ अबोल राहतो. पण साउथसीचे घर, तळघरातली फळी, हॅरीची उलटतपासणी हे सगळे पहिल्याच प्रकरणात, जणू काल घडले असावे अशा तपशिलाने येते. आणि त्याच्याही आधी येते ती मुंबईतली पहाट.

मुंबईला तो शेवटचा आला १८९१ च्या अखेरीस. लाहोरला आई-वडिलांना भेटून, मित्र वोलकॉट बॅलेस्टियरच्या मृत्यूची तार मिळाल्यामुळे घाईघाईने लंडनला परतताना. त्यानंतर हिंदुस्थानात तो पुन्हा आला नाही. त्या वेळी तो पंचवीस वर्षांचा होता, लंडनमध्ये त्याचे नाव गाजत होते. बोट गाठण्यापूर्वी त्याची जुनी आया त्याला भेटायला आली. फार म्हातारी झालेली, पण मुळीच न बदललेली, असे तो लिहितो. तिने त्याला आशीर्वाद दिले आणि ती रडली. तिचे नाव त्याने कुठेही लिहून ठेवलेले नाही.